चुकलं-माकलं

लीड्स, ९ जानेवारी २०२४

प्रिय मोहनमामा,

नमस्कार. नव्या वर्षाचं पहिलं पत्र भाचीनं लिहायचं आणि मामानं त्यातल्या चुका काढायच्या, ही आपली रीत. फोनवर बोलायची सोयच नाही, कारण तुमचं श्रवणयंत्र ड्रॉवरमध्ये आणि तुम्ही दिवाणखान्यात. म्हणून मी अजून हातानं लिहिते. तेवढंच बोटांना मराठी.

बातमी अशी, की मला ज्युरीचं समन्स आलंय. पाकीट उघडायच्या आधी दोनदा उलटसुलट करून पाहिलं. वाटलं, वेगात गाडी चालवल्याचं काहीतरी असणार. सुयशला कळवलं तर एडिंबरातून म्हणतो, "कॉन्ग्रॅट्स आई, आता तू ऑफिशियली ब्रिटिश!" इतकी वर्षं पासपोर्ट घेऊन फिरते आहे, ते काही चिरंजीवांच्या खिजगणतीत नाही. फार्मसीतली मॅनेजर मात्र हिरमुसली, की आता डिस्पेन्सरीत माझ्या जागी कुणाला उभं करायचं. कोर्ट लीड्सचं नाही, जवळच्याच एका गावचं. रोज ट्रेननं जायचं.

खरं सांगू? मला नको वाटतंय. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, हे आई उठता-बसता म्हणायची. ती भांडणाऱ्यांबद्दल म्हणायची, पण निवाडा करणाऱ्यांनाही ते लागू असावं. मी आयुष्यभर गोळ्या मोजल्या, माणसं कधी मोजली नाहीत. आणि म्हणे गीतेवर शपथ घ्यायची की नुसतं वचन द्यायचं, तेही विचारतात. तुम्ही काय केलं असतंत?

आणखी एक विचारायचं राहूनच जातं. तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तीच ओळ असते: 'काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर.' मामा, मागच्या पत्रात तुम्ही फक्त लिंबाच्या लोणच्याची कृती लिहिली होती. त्यात काय चुकणार होतं? मीठ?

तुमची,
सुप्रभा

&nbsp;

पिनर, १५ जानेवारी

चि. न्यायाधीशीणबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि अन्वीला हाक मारून सांगितलं, की तुझी आत्या आता लोकांना तुरुंगात धाडणार. नात म्हणाली, "आजोबा, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स." नातवंडांपुढे आपल्याला कशातलंच काही कळत नसतं.

शपथ गीतेवरच घे. नुसत्या वचनावर तुझ्यासारखीला झोप लागायची नाही.

आणि नको काय वाटतंय? अडुसष्ट साली मी डॉक्टर म्हणून या देशात आलो तेव्हा आमच्या नेमणुका, आमच्या चौकशा, सगळं बंद दाराआड ठरायचं आणि आम्ही बाहेर बाकावर बसायचो. आपल्यातलं एक तरी माणूस आत असावं, एवढंच वाटायचं. आता तू आत जाणार आहेस. तोंड उघड. नाहीतर आपली जात मीटिंगला बसून मान डोलावते आणि घरी आल्यावर वाद घालते.

आता त्या ओळीचं. ती माझ्या आईची शिस्त. पत्र संपो, पूजा संपो, पाहुणे निघोत की घरातलं माणूस जावो, शेवटी हात जोडून हे म्हणायचंच. चूक केली म्हणून नव्हे. नकळत काही झालं असेल तर पोटात घाला, एवढाच त्याचा अर्थ. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी ऑपरेशनच्या टेबलावर एक माणूस गेला. कुणाची चूक नव्हती, त्याचं हृदयच थकलेलं होतं. भूल मी दिली होती. मी बाहेर जाऊन त्याच्या बायकोसमोर हात जोडले आणि हेच वाक्य इंग्रजीत म्हणालो. मागून माझ्या वरच्या कन्सल्टंटनं माझा दंड धरला आणि मला कोपऱ्यात नेलं. "तू काय चूक केलीस?" मी म्हटलं, "काही नाही." "मग असं पुन्हा बोललास तर तुला कुणी वाचवू शकणार नाही." तेव्हापासून हॉस्पिटलात ते वाक्य मी गिळलं. नवीन मराठी डॉक्टर आला, की बाकी सगळं नंतर, आधी हे शिकवायचो. तिथलं साठलेलं म्हणून पत्रांत लिहितो.

लोणच्यात मीठ कमीच लिहिलं होतं. बरं झालं विचारलंस.

काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर.

मोहनमामा

&nbsp;

लीड्स, ७ फेब्रुवारी

प्रिय मोहनमामा,

नमस्कार. खटला सुरू आहे आणि तो संपेपर्यंत त्याबद्दल चकार शब्द कुणाशी बोलायचा नाही, घरातही नाही. तेव्हा तुम्हाला वेटिंगरूमच लिहिते. तिथला चहा पाणचट आहे. टेबलावर एक जिगसॉ आहे, त्यातले आकाशाचे तुकडे कुणीतरी हरवलेत, तरी रोज नवी माणसं त्यावर डोकं फोडतात. माझ्या शेजारी एक बाई नातवासाठी स्वेटर विणते, समोर एक बसड्रायव्हर आहे. साधी माणसं. मी एकटीच जगाचा भार उचलल्यासारखी बसते.

शपथ गीतेवर घेतली. इंग्रजीत. पुराव्याला धरून खरा निकाल देईन, अशी.

एवढं एक लिहिते. ज्युरीला बसवायच्या आधी कोर्टाचा कारकून एकेकाचं नाव मोठ्यानं वाचतो आणि आरोपीला सांगतो, की ही नावं ऐक, कुणावर हरकत असेल तर आत्ता सांग. माझं नाव त्याला जमेना. 'सु-प्रा-बा' असं काहीतरी म्हणाला. तेवढ्यात समोर पिंजऱ्यातल्या माणसानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परक्या स्टेशनवर उतरावं आणि आपल्याला न्यायला कुणी आलेलं दिसावं, तसं पाहिलं. याच्या पुढे लिहीत नाही.

जज रोज बजावतात, की या कोर्टात ऐकलंत त्यावरच निकाल द्या, बाहेरचं काही आत आणू नका. बाहेरचं म्हणजे काय हो मामा? मी चौपन्न वर्षांची बाई आहे. मी येतेच घरून.

तुमचं मागचं पत्र मी कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिलंय. ते मला पुन्हा वाचवत नाही. का, ते विचारू नका. मी तुम्हाला त्या ओळीचं विचारायलाच नको होतं.

सुप्रभा

&nbsp;

पिनर, १२ फेब्रुवारी

चि. सुप्रभा,

आशीर्वाद. केस रक्तबंबाळ दिसते. सुरे, कुऱ्हाडी, फोटो वगैरे दाखवत असतील. जेवणावरची वासना जाते त्यानं, म्हणून सकाळी पोटभर खाऊन जात जा. माझ्या पत्रात तुला घाबरवण्यासारखं काय होतं ते काही आठवत नाही. तो टेबलावर गेलेला माणूस असेल. फार्मसीवाल्यांना मेलेलं माणूस बघायची सवय नसते, हे मी विसरलो.

थोडे दिवस आहेत, निघून जातील. संपलं की सगळं सविस्तर लिही. अन्वी सारखी विचारते, आत्यानं विग घातला का. विग जज घालतात, हे तिला मी शिकवलं. एकदा तरी मला काहीतरी जास्त माहीत निघालं.

काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर.

मोहनमामा

&nbsp;

लीड्स, १ मार्च

प्रिय मोहनमामा,

खटला संपला. उघड्या कोर्टात जे झालं ते आता सांगता येतं. आत आमच्या खोलीत बारा जणांमध्ये जे झालं ते सांगता येत नाही. तो इथे गुन्हा आहे आणि ती बंदी मरेपर्यंत सुटत नाही. तेवढं वगळून लिहिते.

सुरे नव्हते, मामा. कुऱ्हाडीही नव्हत्या.

आरोपीचं नाव यमुना. मिरजेकडची, तिशीची. म्हाताऱ्या माणसांची सेवा करायला व्हिसावर आलेली, एका केअर होममध्ये होती. तिच्याकडे मिसेस हॉल्रॉइड म्हणून नव्वदीच्या बाई होत्या. एका दुपारी यमुनानं त्यांना बाथरूममध्ये खुर्चीवर बसवलं, तेवढ्यात दुसऱ्या खोलीतली घंटा वाजली. "आलेच हं," असं सांगून ती गेली. परत आली तेव्हा बाई खाली पडलेल्या होत्या. दोन दिवसांनी त्या गेल्या. आरोप असा, की तिनं जाणूनबुजून हयगय केली. ती म्हणाली, मजल्यावर मी एकटीच होते, घंटेला जाणं भाग होतं, लगेच परतले. होमचे लोक म्हणाले, एकटी नव्हती, आणि लगेच परतलीही नाही. खरं-खोटं करायला तिसरं कुणी नव्हतं.

मग मिसेस हॉल्रॉइडची मुलगी साक्षीला आली. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. रडत म्हणाली, आई गेल्यावर ही खाटेपाशी आली, हात जोडले आणि म्हणाली, "प्लीज फरगिव्ह मी. फरगिव्ह माय मिस्टेक्स."

सरकारी वकिलांनी यमुनाला विचारलं, कुठल्या चुका? ती गोंधळली. म्हणाली, "एनी. ऑल. वुई से लाइक दॅट." वकील आमच्याकडे वळले आणि एकच शब्द म्हणाले, "ऑल." तिच्या वकिलानं त्यावर पुढे काही विचारलंच नाही. इथे विचारण्यासारखं काही आहे, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

मला कळलं होतं. तेवढ्या मोठ्या कोर्टात, जजसकट सगळ्यांत, मला एकटीला कळलं होतं. तुमचं पत्र तेव्हा माझ्या पर्समध्ये होतं. त्याच संध्याकाळी मी ते साड्यांखाली ठेवलं.

एकमत होईना. शेवटी जज म्हणाले, बारांपैकी दहांचं मत जुळलं तरी चालेल. आमच्या वतीनं फोरमननं उभं राहून सांगितलं, दोषी. दहा बाजूनं, दोन विरुद्ध. हा आकडा उघड्या कोर्टात सांगावाच लागतो, म्हणून लिहिला.

यमुना रडली नाही. तिला न्यायला आले तेव्हा ती आमच्या बाकांकडे वळली, हात जोडले आणि मराठीत म्हणाली, "चुकलं-माकलं माफ करा." माझ्याकडे बघून म्हणाली. विणकामवाल्या बाईनं ते जोडलेले हात पाहिले आणि माझ्या कानाशी म्हणाली, "पुअर थिंग, शी नोज व्हॉट शी डिड."

घरी आल्यापासून रोज संध्याकाळी दिवा लावते. शेवटी ते वाक्य म्हणायला गेले, की माझ्याआधी तिचा आवाज येतो. मग मी म्हणत नाही. दिवा तसाच ठेवून उठते.

सुप्रभा

&nbsp;

पिनर, ६ मार्च

चि. सुप्रभा,

तुझं पत्र वाचून जेवलो नाही. अन्वीनं ताट आणलं ते परत नेलं.

मला एकच सांग. तू त्यांना सांगितलंस ना? आपल्यात असं म्हणतात, ती कबुली नव्हे, असं त्या अकरा जणांना सांगितलंस ना? नक्की सांगितलं असशील. तू त्या दोघांतलीच असणार. मी अन्वीलाही तसंच म्हटलं. पण तुझ्या पत्रात ते कुठेच नाही, म्हणून चैन पडत नाही.

नुसतं हो किंवा नाही लिही. कायद्याला पिनरमधला एक बहिरा म्हातारा सापडायचा नाही.

काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर.

मोहनमामा

&nbsp;

लीड्स, १४ मार्च

प्रिय मोहनमामा,

नाही सांगता येत. 'हो' लिहिलं तरी त्या खोलीतलं सांगितलं आणि 'नाही' लिहिलं तरी तेच. कायदा तुमच्यापर्यंत पोचणार नाही, ते खरं. पण गीतेवर घे म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत. एक शपथ घेऊन मी एका बाईचा निकाल दिला. ती मामाला बरं वाटावं म्हणून मोडली, तर तो निकाल कसला होता?

तुम्ही माझे आहात, म्हणून दुसरंच सांगते. त्याला बंदी नाही. बाथरूममध्ये माझं एक स्टूल असतं. ते मी उचलून गॅरेजमध्ये ठेवलं, बघवेना म्हणून. दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना नळाचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर नळ बंद आणि स्टुलाची जागा रिकामी. पण तिथे कुणी बसलेलं असावं असं वाटलं, आणि माझ्या तोंडून गेलं, "आलेच हं." मामा, मी मोठ्यानं म्हणाले. आता रोज म्हणते. म्हटल्याशिवाय त्या दारावरून पुढे जाता येत नाही. कुणाला म्हणते आणि कुठून यायचं कबूल करते, ते माहीत नाही.

फार्मसीच्या खिडकीपलीकडे कुणी थंडीनं हात चोळत उभं असलं, तरी मला ते जोडलेलेच दिसतात.

मला भीती वाटते. एवढं वाचून तरी मला ते पुन्हा विचारू नका.

सुप्रभा

&nbsp;

पिनर, २ एप्रिल

सुप्रभा,

बरेच दिवस विचार केला आणि मग लिहायला बसलो.

तुझी मीनलमामी शेवटी अंथरुणाला खिळली, तेव्हा आशा म्हणून मुलगी तिचं सगळं करायला यायची. मीनल गेली त्या सकाळी आशानं माझ्यासमोर हात जोडले आणि हेच वाक्य म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. तिनं जे केलं ते पोटच्या मुलीनं केलं नसतं. आणि तीसुद्धा मीनलला खुर्चीवर बसवून कितीदा दार उघडायला गेली असेल! माझ्याऐवजी तिथे दुसरं कुणी असतं आणि आशा त्या पिंजऱ्यात उभी राहिली असती तर?

तू सांगितलं असतंस, तर कसंही करून मला कळू दिलं असतंस. 'दोघांनी तरी आपलं कर्तव्य केलं' एवढं लिहिलं असतंस तरी मी समजलो असतो. तू शपथेच्या आड उभी राहतेस, याचा अर्थ माझ्या लेखी एकच. तिनं तुझं नाव ऐकून मान वर केली आणि तू मूग गिळून बसलीस. आपल्यातलं माणूस आत असावं म्हणून आम्ही आयुष्यभर तळमळलो, ते यासाठी नाही.

स्टूल गॅरेजमधून आणून जागेवर ठेव. नळाला काही झालेलं नाही.

शेवटची ओळ आज लिहीत नाही. मनात नसताना ती लिहू नये, असं आई म्हणायची.

मोहनमामा

&nbsp;

लीड्स, २० एप्रिल

मोहनमामा,

तुम्ही पुरावा न ऐकता निकाल दिलात. यमुनाला निदान 'वुई से लाइक दॅट' एवढं तरी बोलता आलं. मला तेवढंही बोलायची परवानगी नाही, आणि माझं गप्प बसणं हीच तुम्ही माझी कबुली धरलीत. तिच्या बोलण्याचं कोर्टात जे केलं गेलं, तेच तुम्ही माझ्या न बोलण्याचं केलंत.

इथे मोठ्या अभिमानानं सांगतात, की माणसाचा न्याय त्याच्या बरोबरीच्या माणसांनी करावा. तिच्यासमोर बारा जण होते. बसड्रायव्हर, विणकामवाली, सगळी तिच्यासारखीच कष्टाची माणसं, आणि सगळी तिला परकी. तिला वाटलं, एक आपली आहे. मलाही वाटलं होतं, सगळं जग उलटलं तरी एक मामा आहेत.

दहांतली असेन तर मला झोप लागू नये, हे ठीकच आहे. पण त्या दोघांतली असेन तर? ती दोघंही रात्रंदिवस हाच विचार करत असतील, की आणखी थोडं भांडलो असतो तर आणखी एक जण वळला असता. तेवढं पुरलं असतं, नऊ जणांच्या मतानं कुणी दोषी ठरत नाही. हा विचार एकदा करून बघा. मी कुठली, ते सांगत नाही. फक्त दोन्हीकडून बाथरूमचं दार तेच आहे, एवढं सांगते.

शिक्षा पेपरात वाचली. चौदा महिने. नंतर परत पाठवतील.

स्टूल मी जागेवर आणून ठेवलं होतं. ते तिथे असलं की जास्त त्रास होतो.

सुप्रभा

&nbsp;

पिनर, २८ जुलै

प्रिय सुप्रभा आत्या,

सॉरी माझ्या मराठीसाठी. मी संडेला मराठी शाळेत जायची पण फक्त ढोकळ्यासाठी. आजोबांचा पेन घेऊन लिहिते कारण ते म्हणायचे सुप्रभाला टाइप केलेलं चालत नाही.

फ्युनरलमध्ये तुम्ही मागच्या रोमध्ये बसला होता आणि लगेच ट्रेनला गेलात. मला तुमच्याशी बोलायचं होतं. मला वाटली तुम्ही अजून आजोबांवर रागावल्या आहात.

आत्या, ते रोज तुम्हाला लेटर लिहायचे. पूर्ण मे महिना. लिहायचे आणि फाडायचे. मी विचारलं, काय झाला? ते म्हणाले, मी वाईट जज आहे, एव्हिडन्स नसताना डिसाइड केलं. मी म्हटलं, मग तसंच लिहा ना. ते म्हणाले, तसंच लिहितो आहे, पण बरोबर येत नाही. मग जूनमध्ये स्ट्रोक झाली आणि उजवा हात गेला. मी म्हटलं, मी लिहू का तुमच्यासाठी? ते नाही म्हणाले. हे स्वतः लिहायचा असतं.

शेवटच्या दिवशी ते थोडं बोलू शकत होते. नर्स होती, डेबी नाव. ती त्यांची उशी नीट करत होती. आजोबांनी डाव्या हातानी उजवा हात उचलला, चेस्टवर ठेवला, दोन्ही जोडले आणि डेबीला म्हणाले, चुकलं-माकलं माफ करा. ती घाबरली. मला म्हणाली, "व्हॉट्स ही सॉरी फॉर, लव्ह? हॅज ही डन समथिंग?" मी म्हटलं, "नो, नथिंग. इट्स जस्ट व्हॉट वुई से. व्हेन वुई लीव्ह." तिला लगेच समजलं. ती म्हणाली, "ओह, दॅट्स लव्हली." आणि तिनी पण हात जोडली, पण चुकीची, बोटं आत अडकवून, चर्चसारखी. आजोबा हसले. आफ्टर दॅट ते काही बोलले नाहीत.

ते कोर्टची गोष्ट आजोबांनी मला सांगितली होती. मला एक समजत नाही. मी डेबीला एक सेन्टेन्स सांगितला आणि झालं. इट वॉज सो ईझी. मग त्या यमुनासाठी कुणी का नाही सांगितलं? तिथे तर तुम्ही होता.

आजोबा म्हणाले होते, सुप्रभाला हे कधीच विचारायचं नाही. त्यांनी मला प्रॉमिस करायला लावलं. पण मी विचारते आहे. सॉरी.

लव्ह,
अन्वी

&nbsp;

लीड्स, ४ ऑगस्ट

चि. अन्वी,

तुझं मराठी छान आहे. आजोबांनी चुका काढल्या असत्या, मी काढत नाही.

मी रागावून गेले नाही गं. त्यांच्या फोटोसमोर मला हात जोडायचे होते आणि त्या वेळी जे म्हणतात ते म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना. सगळ्यांसमोर नुसती उभी राहायला लाज वाटली, म्हणून निघाले.

डेबीनं बोटं अडकवून हात जोडले, हे वाचून खूप रडले. मामा गेल्यापासून पहिल्यांदाच रडले. त्यांनी तुला विचारू नको म्हणून सांगितलं, तेही वाचलं. त्यांचं मला आलेलं शेवटचं पत्र तेच, असं समजते.

तू विचारलंस त्याचं उत्तर मला देता येत नाही. आजोबांना दिलं नाही, तुलाही देणार नाही. तुला राग आला तर येऊ दे, त्यांनाही आला होता. एवढंच लिहिते, की तू म्हणतेस तसं ते सोपं आहे, एका वाक्याचं आहे, हे मला माहीत आहे. रोज त्या दारापाशी थांबते तेव्हा मी तुझं ते वाक्य मोठ्यानं म्हणून बघते. मराठीत, इंग्रजीत. आतून कुणी ओ देत नाही.

काल दिवा लावला. यमुनाचा आवाज आला, नेहमीसारखा माझ्याआधी. या वेळी मी उठले नाही. तिच्या पाठोपाठ म्हटलं. आज इथेही लिहिते, मामांच्या पत्रात असायचं तसं.

काही चुकलं-माकलं असेल तर माफ कर.

आणि हे पत्र पुढे कधी कुणाच्या हाती लागलं आणि त्यानं विचारलं, की तुझ्या आत्याची काय चूक झाली होती, तर डेबीला सांगितलंस तेच सांग. आमच्यात असं म्हणतात.

तुझी,
सुप्रभा आत्या